ऑनलाइन मराठी लेख कसा लिहायचा: ‘वारस नोंद’ या एका लेखाची घडण

दोन वर्षांपूर्वी मी वारस नोंदीवर, म्हणजे गेलेल्या माणसाच्या जमिनीवर वारसांची नावं लावण्यावर, एक लेख लिहिला. आजोबा जाऊन महिना झाला होता. जमीन त्यांच्या नावावर होती, म्हणून मामांनी तो लेख फोनवर वाचला, सकाळची एसटी धरली, तालुक्याला गेले आणि हात हलवत परत आले. रात्री त्यांचा फोन आला.

“अरे, तू लिहिलंयस, ‘संबंधित कार्यालयात अर्ज करावा’. मी तहसीलला गेलो. तिथे म्हणाले, तुमच्या तलाठ्याकडे जा. तलाठी तर आपल्या चावडीतच बसतो की! आणि ‘आवश्यक ती कागदपत्रे जोडावीत’ म्हणजे कोणती रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेखातली माहिती चुकीची नव्हती, पण मामांच्या ती काही कामी आली नाही. दुःखातल्या माणसाचा अख्खा दिवस माझ्या दोन वाक्यांनी घालवला, हे मला फार लागलं. त्यानंतर तो लेख मी तीनदा मुळापासून लिहिला. मराठीत ऑनलाइन वाचकासाठी कसं लिहायचं याबद्दल मला जे कळलं, ते बरंचसं त्या तीन खेपांत कळलं. तेच इथे क्रमाने मांडतो. उदाहरण वारस नोंदीचं असलं तरी पाककृती, प्रवास, औषधोपचार, परीक्षेचा अर्ज, काहीही समजावून सांगायचं असलं तरी क्रम हाच राहतो.

## पायरी १: प्रश्न वाचकाच्या तोंडचा लिहून काढा

लेख सुरू करण्याआधी कागदावर एकच ओळ लिहा: वाचक काय विचारत आला आहे? ती ओळ त्याच्या बोलीत हवी. ‘वारसाहक्काने अधिकार अभिलेखात नाव दाखल करण्याची प्रक्रिया’ असं कोणी विचारत नाही. माणूस विचारतो, ‘वडील गेले, सातबाऱ्यावर आमची नावं कशी लावायची?’ हल्ली पुष्कळ लोक टाइपही करत नाहीत, फोनच्या माइकवर बोट ठेवून सरळ बोलतात. त्यामुळे बोलण्यातले शब्द लेखात असणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

मग त्या प्रश्नाखाली हा माणूस कुठे बसला आहे ते लिहा. मी लिहिलं: ‘मामा. ओसरीवर. चष्मा लावून. फोनला रेंज अधूनमधून. हातात आजोबांची कागदपत्रांची पिशवी.’ एवढं लिहिल्यावर लेखातला निम्मा पसारा आपोआप गळून पडला. जमीन महसुलाचा इतिहास, कायद्याची पार्श्वभूमी, शेतीचं महत्त्व यांपैकी काहीही त्या पिशवीतले कागद लावायला उपयोगी पडणार नव्हतं.

एका लेखात एकच प्रश्न घ्या. वारस नोंद, वाटणीपत्र आणि बक्षीसपत्र हे तीन लेख आहेत. मी पहिल्या खेपेला तिन्ही एकात कोंबले होते, आणि आपल्याला यातलं नक्की काय लागू पडतं हेच मामांना कळेना.

## पायरी २: मथळ्यात मुख्य शब्द आधी, आणि मूळ रूपात

ही अडचण इंग्रजीतून उचललेल्या सल्ल्यांत सापडणार नाही, कारण ती आपल्या भाषेची आहे. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं अंग बदलतं. सातबारा, पण सातबाऱ्यावर. उतारा, पण उताऱ्यात. नोंद, पण नोंदीसाठी. शोधणारा माणूस मात्र बहुतेक वेळा मूळ रूपच टाइप करतो: ‘सातबारा उतारा’, ‘वारस नोंद अर्ज’. म्हणून मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात मुख्य शब्द निदान एकदा तरी मूळ रूपात येईल अशी वाक्यरचना करा.

माझा पहिला मथळा होता, ‘वारसाहक्क नोंदणीच्या प्रक्रियेविषयी सविस्तर जाणून घेऊया’. फोनवर मथळा अर्ध्यात तुटतो. वाचकाला दिसलं असेल ते ‘वारसाहक्क नोंदणीच्या प्रक्रिये…’ एवढंच. नंतरचा मथळा असा केला: ‘वारस नोंद: वडिलांच्या नावावरची जमीन वारसांच्या नावावर कशी करायची’. तुटला तरी पहिले दोन शब्द शिल्लक राहतात.

एकाच गोष्टीची दोन-तीन नावं चालत असतील तर सगळी लेखात येऊ द्या, पण ओढूनताणून नको. लोक ‘सातबारा’ लिहितात तसं ‘७/१२’ही लिहितात. ‘वारस नोंद’ कोणी तोडून लिहितो, कोणी ‘वारसनोंद’ असं जोडून. तलाठ्याचं पदनाम सरकारने आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं आहे, पण गावात तो अजून तलाठीच आहे. अशा वेळी पहिल्यांदा दोन्ही नावं द्या आणि पुढे लोकांच्या तोंडात असलेलं वापरा.

‘हे वाचून थक्क व्हाल’, ‘या एका चुकीने जमीन गमवाल’ असले मथळे लिहू नका. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून आपल्या पानावर आणायचं, हे मला पटत नाही.

## पायरी ३: उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या

ऑनलाइन वाचनाच्या अभ्यासाची सुरुवात ज्यांच्याकडून धरली जाते त्या जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवं पान समोर आलं की ते नुसतं चाळत होते. शब्दन् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के होते. ती चाचणी इंग्रजी पानांची आणि संगणकाच्या पडद्यावरची. मराठी वाचकावर तेच आकडे चिकटवणं बरोबर नाही. पण घरात कोणालाही फोनवर वाचताना बघा, अंगठा थांबतच नाही. तो थांबावा असं काहीतरी पहिल्या पडद्यावरच हवं.

माझा जुना पहिला परिच्छेद जसाच्या तसा देतो:

‘शेतजमीन हा ग्रामीण जीवनाचा कणा आहे. आजच्या धावपळीच्या युगात जमिनीच्या कागदपत्रांना अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. खातेदाराच्या निधनानंतर त्याच्या वारसांची नावे अधिकार अभिलेखात दाखल करण्याच्या प्रक्रियेस वारस नोंद असे संबोधले जाते. सदर लेखात आपण या प्रक्रियेविषयी सविस्तर जाणून घेणार आहोत.’

चार वाक्यं, आणि मामांना करायची एकही गोष्ट त्यांत नाही. तिसऱ्या खेपेला तो असा झाला:

‘खातेदार वारल्यापासून तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, चालू सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) लागतो. तलाठी फेरफार (बदलाची नोंद) धरतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्याने मंजुरी दिली की सातबाऱ्यावर नावं चढतात. तीन महिने उलटून गेले असले तरी अर्ज करता येतो.’

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. मुदत वाचली की ज्याची मुदत उलटली आहे त्याच्या पोटात गोळा येतो, आणि असे लोक पुष्कळ असतात. त्यांनी पुढची सगळी पानं धास्तीत वाचू नयेत.

असं सगळं आधीच सांगितलं तर पुढे कोण वाचेल, अशी शंका लिहिणाऱ्याच्या मनात येते. माझ्याही आली होती. पण इथे आपल्याला हवं ते आहे याची खात्री पटलेला माणूसच पुढे वाचतो. शिवाय आपल्याकडे लेख पुढे पाठवला जातो तो पहिल्या चार ओळी कॉपी करून, व्हॉट्सॲपवर. मथळा सुटतो, खालचा भाग सुटतो. त्या चार ओळी एकट्याने कुठे पोचल्या तरी खऱ्या आणि पुऱ्या असायला हव्यात.

## पायरी ४: क्रियापद लवकर येऊ द्या

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी. कोणी काय करायचं, की करायचं नाही, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. छापील पानावर ते खपून जातं, कारण अख्खं वाक्य दोन ओळींत मावतं. माझ्या फोनवर एका ओळीत पाच-सहा शब्द बसतात. म्हणजे चाळीस शब्दांचं वाक्य झालं सात-आठ ओळींचं, आणि त्याचा अर्थ आठव्या ओळीच्या टोकाला. तोवर पहिली ओळ वाचकाच्या डोक्यातून निसटलेली असते.

म्हणून मराठीत वाक्य लहान ठेवण्याचं कारण नुसतं सोपेपणाचं नाही. वाक्य लहान केलं की क्रियापद जवळ येतं.

हे पाहा: ‘मृत खातेदाराच्या सर्व कायदेशीर वारसांची नावे, वय, पत्ता व मृताशी असलेले नाते नमूद केलेले प्रतिज्ञापत्र, मृत्यू दाखल्याची प्रत व चालू सातबारा उतारा यांसह अर्ज सादर करणे आवश्यक आहे.’

आता तोडून: ‘अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्या. त्यात प्रत्येक वारसाचं नाव, वय, पत्ता आणि गेलेल्या व्यक्तीशी नातं लिहा. मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि चालू सातबारा जोडा.’

शब्द कमी झालेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन वाक्यांत तीन क्रियापदं आली: द्या, लिहा, जोडा. वाचकाला करायची कामंही तेवढीच आहेत.

वाक्य कुठे संपलं हे दाखवायची सोय आपल्याला तशी उशिराच मिळाली. मोडी लिपीत शब्द तोडून लिहायची चाल नव्हती, ओळ सलग धावायची. विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. पूर्णविराम इतका उशिरा हाती आला, तर आता तो वापरताना हात आखडता घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सगळीच वाक्यं मात्र तोडू नका. कारण सांगताना, समजूत घालताना लांब वाक्य बरं वाटतं. सूचना देताना तेवढं लहान ठेवा.

## पायरी ५: कोण करतो ते सांगा, आणि ‘आपण’ जपून वापरा

‘नोंद घेण्यात येते’, ‘मंजुरी देण्यात यावी’, ‘अर्ज केला जावा’. ही सरकारी पत्रांची वळणं आपल्या हातात इतकी बसली आहेत की लिहिताना ध्यानातही येत नाहीत. त्यांत माणूसच नसतो. मामा तहसीलला गेले ते याच कारणाने. ‘संबंधित कार्यालय’ म्हणजे कुणाचं हे मी लिहिलंच नव्हतं. म्हणून लिहिताना दर वाक्याला विचारा: कोण? अर्ज तुम्ही देता. फेरफार तलाठी धरतो. नोटीस तलाठी काढतो. मंजुरी मंडळ अधिकारी देतो.

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘संदर्भीय’, ‘तत्संबंधी’, ‘याद्वारे’ हे शब्द लेखात शोधून काढून टाका. काही अडत नाही.

‘आपण’ हा शब्द नीट सांभाळा. त्याचा एक अर्थ ‘तुम्ही’, आदराने. दुसरा ‘तुम्ही आणि मी’. ‘आपण अर्ज करावा’ आणि ‘आता आपण कागदपत्रे पाहू’ ही वाक्यं एकाच परिच्छेदात आली की कोण काय करणार याचा गोंधळ होतो. मी पूर्ण लेखात ‘तुम्ही’ ठेवतो. मराठीत ‘तुम्ही’त आदर पुरेसा आहे.

कामाच्या ठिकाणचे शब्द बदलू नका. ‘फेरफार’, ‘आठ-अ’, ‘हरकत’, ‘खातेदार’ हे शब्द वाचकाला खिडकीवर ऐकू येणारच आहेत. ते लेखातही राहू द्या आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत समजावून सांगा: ‘फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ती गाव नमुना सहामध्ये होते.’ ‘ओटीपी’ला संस्कृत प्रतिशब्द शोधू नका. पडद्यावरच्या बटणाचं नाव पडद्यावर आहे तसंच द्या, अगदी शुद्धलेखनाच्या चुकीसकट. वाचक तीच अक्षरं शोधत असतो.

## पायरी ६: प्रत्येक कृतीनंतर काय हाती येतं ते लिहा

सूचना देणारे बहुतेक लेख इथे कमी पडतात. ‘अर्ज द्या’ म्हणून पुढे सरकतात. अर्ज दिला हे वाचकाने कशावरून ओळखायचं? मी लिहिलं: ‘अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तीवर तारखेसह पोच घ्या.’ पुढे: ‘फेरफार धरला की त्याला क्रमांक मिळतो. तो विचारून लिहून ठेवा, पुढची चौकशी त्याच क्रमांकावर होते.’ कामाचा एकेक टप्पा पुरा झाल्याची खूण अशी हाती द्यायला हवी. स्वयंपाकाच्या कृतीत आपण हे सहज करतो, ‘तेल सुटेपर्यंत परता’ म्हणतो. तीच सवय इथे आणायची.

वाचक न विचारता विसरेल अशी एक गोष्ट दर विषयात असते. वारस नोंदीत ती म्हणजे बहिणी. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं प्रतिज्ञापत्रात घालायचीच राहतात, कधी अजाणता, कधी जाणूनबुजून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला जन्मतः हक्क दिला. मामांना हे वाचायला नको होतं असं नाही, पण त्यांनी ते विचारलंही नव्हतं. मी तो मुद्दा कागदपत्रांच्या यादीतच घातला: ‘प्रतिज्ञापत्रात सगळ्या वारसांची नावं हवीत, लग्न झालेल्या बहिणींचीही.’ शेवटी ‘महत्त्वाची टीप’ म्हणून ठेवलं असतं तर तिथपर्यंत कोणी पोचलंच नसतं. जी गोष्ट चुकली तर नुकसान होतं, ती जिथे चुकते तिथेच सांगावी.

## पायरी ७: अक्षरं यंत्रालाही वाचता यायला हवीत

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत लिहा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर पानावर देवनागरी दिसतो, पण चिकटवला की रोमन अक्षरांचा चिवडा होतो, आणि तो शोधात सापडत नाही.

फोनवर कीबोर्ड मराठीच निवडा, हिंदी नको. ‘ऱ्य’साठी ते लागतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘अधिकार्‍यांकडे’ असं लिहिलेलं पानावर ‘अधिकाऱ्यांकडे’सारखंच दिसू शकतं, पण आतले संकेत वेगळे असतात. नुक्त्याचा ऱ, त्यावर हलन्त, मग य, हा क्रम बोटांना लावून घ्या. तसंच ‘ॲप’. ‘ऍप’ आणि ‘अॅप’ दिसायला जवळपास तेच, यंत्राच्या लेखी तीन वेगळे शब्द. एक ठरवा आणि लेखभर तेच ठेवा. मी ‘ॲ’ वापरतो.

ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्या. वकील, पण वकिलाला. फूल, पण फुलाला. कागदपत्रांवरच्या लेखात अशा चुका दिसल्या की वाचकाला वाटतं, माहितीही अशीच गोळा केली असेल.

परिच्छेद तीन-चार वाक्यांचे. ओळींत अंतर थोडं जास्त, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. ठळक अक्षरं क्वचित. फोनवर चार रकान्यांचा तक्ता देऊ नका, तो बाजूला सरकवता सरकवता माणूस कंटाळतो. तारीख लिहिताना महिना अक्षरात.

## पायरी ८: दुसऱ्याला मोठ्याने वाचायला सांगा

आपण स्वतः वाचलं की आपल्याला आपल्या मनातलं ऐकू येतं. दुसऱ्याला वाचायला द्या, त्याच्याच फोनवर, आणि आपण गप्प बसा. तो कुठे अडखळतो, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचतो, एवढंच टिपा. समजावू नका. तुम्ही काही वाचकाच्या शेजारी बसलेले नसणार.

लेखाच्या माथ्यावर माहिती कोणत्या महिन्यात तपासली ते लिहा आणि वर्षातून दोनदा तरी सगळं पुन्हा तपासा: शुल्क, पदनामं, संकेतस्थळांचे पत्ते. बदल केला की तारीख बदला. न तपासता नुसती तारीख बदलू नका.

तिसरी खेप मामांनी ओसरीवर बसून वाचली. मी समोर होतो. कागदपत्रांची यादी त्यांनी बोट ठेवून एकेक वाचली, पिशवीतून कागद काढत गेले, मावशीचं नाव आलं तेव्हा मान हलवली. मग एका जागी थांबले. ‘हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

“हे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? आणि तेवढ्यात मी काय करायचं, पुन्हा जायचं का चावडीत?”

मी लेख उघडला आणि त्या वाक्यापुढे लिहिलं: ‘हे दिवस नोटीस बजावल्यापासून मोजा. या काळात तुम्हाला काही करायचं नाही. मुदत संपल्यावर फेरफार क्रमांक घेऊन तलाठ्याकडे चौकशी करा.’ मामांनी तेवढं वाचलं, पिशवीची गाठ मारली आणि विचारलं, “चावडी उद्या उघडी असते ना?”